जर्मनचा प्रथमाभ्यास आणि मराठी विद्यार्थी

परभाषेच्या प्रथमाभ्यासात किती अपेक्षा बाळगावी, याचे उत्तर युरोपीय परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या भाषिक स्तररचनेत मिळते. पहिल्या पायरीवर स्वतःचा परिचय देणे, साधे प्रश्न विचारणे व सावकाश बोललेले समजणे, एवढेच तीत अभिप्रेत आहे. ही मर्यादा रास्त होय. परंतु मराठी विद्यार्थी कोठे अडखळेल, हे तीवरून कळत नाही. जर्मन इंग्रजीच्या द्वारे शिकविली की नामांचे लिंग ही सर्वस्वी अपरिचित गोष्ट भासते. वस्तुतः मराठीतही तीन लिंगे आहेतच. तथापि हे साम्य तत्त्वापुरतेच: चमचा दोन्ही भाषांत पुल्लिंगी; परंतु आपला पुल्लिंगी काटा जर्मनमध्ये स्त्रीलिंगी, तर स्त्रीलिंगी सुरी नपुंसकलिंगी ठरते. वाक्यरचनेतही तसेच. जर्मन गौण वाक्यात क्रियापद अखेरीस येते, तेथे मराठीचे वळण उपकारक होते; मुख्य वाक्यात ते दुसऱ्या स्थानी येते, तेथे तेच वळण बाधक ठरते. प्रत्येक नाम लिंगासह पाठ करणे अटळच आहे. परंतु मातृभाषा कोठे साह्य करते व कोठे चकविते, हे प्रथमपाठातच सांगितले, तर आरंभीच्या चुका विद्यार्थ्याला स्वतःच्या बुद्धीचा दोष वाटणार नाहीत.