नाकपट्टीची जाडी

कोरिंथियन शिरस्त्राण समोरून पाहिलं की दिसतात बदामी आकाराच्या दोन खाचा, मधून उतरणारी नाकपट्टी आणि हनुवटीपर्यंत आलेले गाल. आत चेहरा नसतो, तरी कुणीतरी रोखून पाहतंय असं वाटतं. इ.स.पू. ७००च्या सुमारास ग्रीक कारागिरांना हा घाट गवसला आणि पुढची दोनेक शतकं ते त्याला रेखीव करत राहिले.

मला मात्र त्याची खरी गोडी कडेने पाहताना कळते. हा अख्खा घाट कांशाच्या एकाच तुकड्यातून ठोकून काढलेला असतो, कुठेही सांधा नाही. ठोके बसतील तसा धातू कडक होतो, तडकू पाहतो. तो पुन्हा तापवून मऊ करायचा, पुन्हा ठोकायचा. मागच्या बाजूला पत्रा पातळ होत होत जेमतेम १ मिलिमीटरवर येतो, नाकपट्टीवर मात्र तो कितीतरी पट जाड राखलेला असतो. भाला समोरून येणार, पाठीशी आपल्याच माणसांची फळी असणार. कारागिराने लढाईचा हा सगळा हिशेब हातोडीने मांडला आहे. पुढच्या काळातल्या नमुन्यांत माथ्याभोवती एक उठावदार कड येते. तिच्यामुळे पातळ पत्र्याला ताठपणा मिळतो आणि डौलही. म्हणूनच डोकं, मान, चेहरा झाकूनही वजन साधारण १ ते २ किलोंतच राहतं.

कानांना मात्र वाट ठेवलेली नाही. हुकूम, हाका सगळं दबकं ऐकू येणार. त्यामुळे लढाई नसेल तेव्हा सैनिक ते कपाळावरून मागे सरकवून ठेवत. कोरिंथच्या नाण्यांवरची अथेना आणि पेरिक्लीझचा प्रसिद्ध अर्धपुतळा याच ढबीत आहेत. वर शिरस्त्राण, खाली शांत, उघडा चेहरा.

ऑलिंपियाच्या संग्रहालयात असंच एक शिरस्त्राण आहे, हिरवट पडलेलं, जागोजागी झिजलेलं. त्याच्या कडेवर मोजकी अक्षरं कोरली आहेत: मिल्टियाडीझने हे झ्यूसला अर्पण केलं. इ.स.पू. ४९०मध्ये मॅरेथॉनवर अथेन्सला विजय मिळवून देणारा सेनानी तो हाच, असं मानतात. मानेला पेलेल इतकंच वजन ठेवायला कुणी अज्ञात कारागीर झटला. त्याचं नाव कुठेच कोरलेलं नाही. ते नाकपट्टीच्या जाडीत वाचायचं.