कांद्याचे तीन हिशेब

आमच्या नाशकात वर्तमानपत्राची पाने एकमेकांना ओळख दाखवीत नाहीत. शहराच्या पानावर ‘कांदा गृहिणींना रडवणार’ अशी ओरड असते, ती किलोच्या हिशेबात. बाजारपेठेच्या पानावर लासलगावचे भाव, ते क्विंटलमध्ये. आणि दिल्लीची बातमी असली, तर डॉलर आणि टन! एकाच कांद्याची ही तीन सोंगे.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, तेव्हा निर्यात ‘खुली’ झाल्याचा केवढा गाजावाजा झाला! अटी मात्र दोन होत्या : टनाला किमान ५५० डॉलर भाव आणि वर ४० टक्के शुल्क. तेव्हाच्या विनिमयदराने ५५० डॉलर म्हणजे किलोला सुमारे ४६ रुपये. उपसंपादकाने हा भागाकार चहा निवायच्या आत केला असता. मग निफाडच्या शेतकऱ्याला पहिल्याच ओळीत कळले असते, की याहून स्वस्त माल बंदराबाहेर पडणार नाही. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये किमान भावाची अट गेली, १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेले. पण भागाकाराची सवय काही लागली नाही.

बाजार समितीच्या तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तिन्ही भाव असतात. तक्ता प्रामाणिक आहे. मथळ्यात चढतो तो कमाल भाव, मग तो एकाच ट्रॉलीला का मिळालेला असेना. असाच एक मथळा वाचून माझ्या मेहुण्यांनी गेल्या श्रावणात चाळ फोडली. कांद्याला कोंब आले होते. बोली सर्वसाधारण भावाच्याही खाली थांबली. त्याच संध्याकाळी आमच्या मंडळींनी मंडईतून दोन किलो कांदा आणला आणि फोनवर भावापाशीच महागाईचे गाऱ्हाणे घातले. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

या दोन भावांच्या मधल्या रुपयांची बातमी मला वाचायची आहे. हमाली, भाडे, घट, सडका माल, हातगाडीवाल्याची मिळकत. कोणाला चोर ठरवायचे नाही. बातमीदाराने एक दिवस ट्रॉलीमागून मंडईपर्यंत यावे, इतकेच. शेअरबाजाराच्या चढउताराला रोज जागा मिळते, तिच्यातले चार बोटे याला पुरे.

भाऊबीजेला मेहुणे येतील. येताना कांद्याची गोणी आणतीलच. तिचा भाव आमच्या घरात कोणी विचारीत नाही.