‘पश्चिमेस नवीन काही नाही’ : ग्रंथ आणि चित्रपट

जर्मन लेखक एरिख मारिया रेमार्क यांची ही कादंबरी १९२९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिचे नाव हे लष्करी पत्रकातले वाक्य आहे, आणि सारा ग्रंथ म्हणजे त्या एका वाक्यावर घेतलेली हरकत होय. कान्टोरेक या शिक्षकाच्या व्याख्यानांनी भारून पाउल बॉयमर शाळेतून थेट पहिल्या महायुद्धात जातो व आपली हकीकत स्वमुखाने सांगतो. अखेरीस ती साक्ष एकाएकी तुटते. कोणी तिऱ्हाईत दोन लहान परिच्छेदांत कळवितो की, १९१८ च्या ऑक्टोबरात, आघाडीवर सर्वत्र शांतता असलेल्या दिवशी पाउल पडला. पानिपतच्या वार्तेत मोती गळाले, मोहोरा हरपल्या, खुर्दा किती गेला याची गणतीच नाही, असा मजकूर होता असे आपल्याकडे परंपरेने सांगतात. पाउल हा त्या खुर्द्यातला.

एडवर्ड बेर्गर यांच्या २०२२ च्या चित्रपटास चार ऑस्कर पारितोषिके मिळाली, ती अस्थानी नव्हेत. मृत शिपायाचा गणवेश धुऊन, शिवून पाउलच्या हाती येतो. गळपट्टीवर दुसऱ्याचे नाव पाहून तो विचारतो, तर कारकून ती पट्टी फाडून टाकतो. हा प्रसंग ग्रंथात नाही, पण ग्रंथाच्या रक्ताचा आहे.

शेवट मात्र पटत नाही. येथे पाउल मरतो तो ११ नोव्हेंबरला, शस्त्रसंधी अकरा वाजता लागू होण्यापूर्वीच्या काही क्षणांत, एका कल्पित सेनापतीने हट्टाने लादलेल्या हल्ल्यात. प्रेक्षकाला आरोपी मिळाला! त्याच्यावर संताप काढून तो निश्चिंत घरी जातो. रेमार्क यांच्या फिर्यादीत असा सोयीस्कर आरोपी नाही. तिची सारी दाहकता त्यातच आहे.

याहून मोठी हानी म्हणजे रजेचे प्रकरण गाळले गेले. त्यात पाउल आजारी आईला भेटतो. बिअरच्या टेबलाभोवती बसलेली प्रतिष्ठित मंडळी त्यालाच युद्ध कसे जिंकावे ते शिकवितात. मग केमरिख या मृत मित्राची आई विचारते, माझा मुलगा कसा गेला? तो तत्काळ, वेदनेविना गेला, असे पाउल सांगतो. ती शपथ घ्यावयास लावते. खोटे असेल तर मी परत येणार नाही, अशी शपथ हा मुलगा शांतपणे घेतो. खोट्या शपथा आम्हा वकिलांनी पुष्कळ ऐकल्या आहेत. इतकी दयाळू आणि इतकी महाग क्वचितच. घरी बसलेल्या आपणा सर्वांचा या युद्धातला वाटा ह्याच पानांत आहे.

लुईस माइलस्टोन यांनी १९३० च्या बोलपटात रजा राखली. त्यांचा शेवटही ग्रंथाबाहेरचाच, पण तो निःशब्द आहे: खंदकातून एक हात फुलपाखराकडे जातो, गोळी सुटते, हात थांबतो. पडद्यावर दिसणारा तो हात नटाचा नसून खुद्द माइलस्टोन यांचा आहे.