दिवाबत्तीचा हिशेब

ग्रामपंचायतीच्या करपावतीवर घरपट्टी आणि पाणीपट्टी यांच्या पंक्तीला 'दिवाबत्ती कर' असा एक रकाना असतो. अकलूजची ग्रामपंचायत महाराष्ट्रातील मोठ्या ग्रामपंचायतींत गणली जात असे. २०२१ साली तिची नगरपरिषद झाली आणि कसब्याचे रीतसर शहर झाले. परंतु रस्त्यावरचा उजेड आकाशातून पडत नाही, त्याची रक्कम कोणाच्या तरी खात्यावर पडलेली असते, ही त्या रकान्याची शिकवण येथल्या जुन्या माणसाच्या मनातून अद्याप गेलेली नाही. म्हणूनच की काय, रात्रीच्या शहराचे छायाचित्र समोर आले की माझ्या मनात सौंदर्याच्या आधी वहिवाटीचा प्रश्न उठतो: हा दिवा कोणाचा?

प्रश्न अरसिक खरा. तरीही आमच्या बाजूचे होतकरू छायाचित्रकार ज्या चित्रांना मोठ्या कौतुकाने 'मूडी' म्हणतात, ती हल्ली मोबाइलवर एकामागून एक पाहताना या अरसिक प्रश्नावाचून दुसरा आधार मला सापडत नाही. भिजलेला काळा रस्ता, त्यावर पसरलेले नारिंगी प्रतिबिंब, कडेच्या सावल्यांना चढवलेली निळसर झाक, आणि दूरवर छत्री घेऊन पाठमोरा जाणारा एक एकाकी पुरुष, एवढी सामग्री जमली की चित्र सिद्ध होते. आता अकलूजचा माळशिरस तालुका पर्जन्यछायेतला. नीरा उजवा कालवा नसता तर येथील निम्मा ऊस कागदावरही उगवला नसता. अशा मुलखात मध्यरात्री छत्री उघडून संथपणे भटकणारा मनुष्य खरोखरीच आढळला, तर कुत्री त्याला वेशीपर्यंत पोहोचवतील आणि गस्तीचा शिपाई त्याचे नाव-गाव लिहून घेईल. परंतु चित्रातल्या त्या गृहस्थाला कोणी हटकत नाही, कारण तो अकलूजचा नाहीच. तो कुठल्याशा जपानी किंवा अमेरिकन महानगरातून, रंगांच्या तयार मिश्रणासह, मसाल्याच्या पुडीसारखा विकत आणलेला आहे. त्या पुडीला 'प्रीसेट' म्हणतात, आणि पुडीतल्या मसाल्याचा गुणच असा की भाजी कोणतीही असो, चव एकच लागते.

आपल्या साहित्यशास्त्रकारांनी विभावाचे दोन भेद केले आहेत. ज्याच्या आश्रयाने भाव उत्पन्न होतो ते आलंबन, आणि चांदणे, मेघ, निर्जन वाट, शीतल वारा अशी जी सामग्री उत्पन्न झालेल्या भावाला चेतवते ते उद्दीपन. नायक-नायिकेचा पत्ता नसताना नुसत्या चांदण्याने शृंगार निष्पन्न होत नाही, हे ज्यांनी शेकडो वर्षांपूर्वी ओळखले, त्यांना आजच्या निशाचित्रांचा दोष एका वाक्यात सांगता आला असता: उद्दीपनाची रेलचेल आहे आणि आलंबनाचा ठिकाणा नाही.

या कलेची पूर्वपीठिका मात्र अशी दरिद्री नव्हती. ट्रान्सिल्व्हेनियातील ब्राशो गावचा ज्यूला हालास पॅरिसमध्ये आला, गावाच्या नावावरून स्वतःला ब्रासाई म्हणवू लागला आणि १९३२ च्या अखेरीस त्याने 'पारी द नुई' हे रात्रीच्या पॅरिसचे पुस्तक सिद्ध केले. त्याच्याजवळ काचपट्ट्यांचा मंदगती कॅमेरा होता, आणि पट्टीवर प्रकाश किती वेळ पडू द्यायचा याचे मोजमाप तो सिगारेटवर करी. उजेड बरा असेल तर गोलवाझ, अंधार दाट असेल तर अधिक वेळ जळणारी बॉयार. एक सिगारेट संपेपर्यंत एका दिव्यासमोर उभे राहावे लागणे ही या कलेची खरी पाठशाळा होय, कारण तेवढ्या अवधीत तो दिवा कोणासाठी जळतो, त्याखालून कोण जातो आणि कोण जाण्याचे टाळतो, हे पाहणाऱ्याला आपोआप कळू लागते. ब्रासाईच्या धुक्याची वाखाणणी सर्वांनी केली आहे. मला त्याचे सर्वांत मोलाचे चित्र वाटते ते रस्त्यावरचा गॅसदिवा विझवणाऱ्या कामगाराचे. ज्या उजेडाच्या जिवावर या छायाचित्रकाराची सारी कला उभी, तो उजेड दुसऱ्या एका माणसाच्या हातचा आहे, ही कृतज्ञ जाणीव त्या चित्रात आहे. आणि पूर्वी आपल्याकडील दरबारांत मशालजी हा पगारी माणूस असे, हे ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी वाचकाला तरी ती परकी वाटू नये.

बिल ब्रँटचे 'अ नाइट इन लंडन' १९३८ सालचे. त्यातल्या कित्येक प्रसंगांत त्याने आप्तमित्रांनाच उभे केले होते, म्हणजे बनावट म्हणावी तर बनावट आहे. पण ब्रँटला लंडनच्या गल्लीतला दिवा आणि हवेलीतला दिवा यांतील अंतर ठाऊक होते, आणि म्हणून उभी केलेली माणसेही आपापल्या उजेडात शोभतात. पुढे युद्धकाळात सरकारी हुकमाने लंडनची दिवाबत्ती बंद झाली, तेव्हा त्याच शहराची निव्वळ चांदण्यातली चित्रे त्याने घेतली. न्यूयॉर्कच्या वीजीने याउलट आपला दिवा आपल्यासोबतच नेला. त्याच्या फ्लॅशचा लखलखाट पोलिसी पंचनाम्यासारखा आहे, आणि १९४५ च्या 'नेकेड सिटी'मधील रात्र हळुवार नसली तरी खोटी नाही.

मुंबईला छायाचित्रकारांची संस्था १८५४ साली स्थापन झाली आणि रस्त्यावर गॅसचे दिवे १८६५ साली लागले. म्हणजे कॅमेरा आधी आला आणि त्याला रात्री दिसेल असे काही नंतर. आणि दिवे आल्यावरही त्या काळच्या पट्ट्यांना तो उजेड पुरेसा नव्हता. आपल्याकडे दिव्याच्या प्रकाशाचा प्रश्न प्रथम मनावर घेतला तो चित्रकारांनी. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांनी १९४० च्या दशकात आपल्या कन्येला समोर उभे करून, समईवर आडोशाला धरलेल्या तिच्या बोटांमधून रक्तवर्ण होऊन झिरपणारा उजेड जलरंगांत, म्हणजे चूक पुसण्याची मुभा नसलेल्या माध्यमात, उतरवला. ते चित्र आज म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. रात्रीचे छायाचित्र काढू पाहणाऱ्याने कॅमेऱ्याच्या आधी हे चित्र पाहावे, असा माझा आग्रह असतो. त्यातल्या उजेडाचा उगम, त्याची दिशा आणि त्याची धारणकर्ती यांबद्दल तिळमात्र संदिग्धता नाही, आणि तरीही त्यात गूढ आहे.

अलीकडच्या भारतीय कामापैकी मला तीन ठिकाणी हा विवेक दिसतो. दयानिता सिंग यांच्या 'ब्लू बुक'मधील निळाई वरून फासलेली नाही. दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली रंगीत फिल्म सूर्यास्तानंतर वापरल्याने ती फिल्मच्या स्वभावातून आलेली आहे, आणि कारखान्यांच्या ओसाड आवारांवर पसरलेली ती निळी छटा पाहिल्यावर पुडीतला निळा रंग ओळखायला वेळ लागत नाही. ध्रुव मल्होत्रा यांनी शहरांत उघड्यावर झोपलेल्या माणसांची चित्रे शहराच्याच उजेडात, प्रदीर्घ काळ पडदा उघडा ठेवून घेतली. झोपलेला माणूस हलत नाही, म्हणून त्या मंद प्रकाशातही तो रेखीव उमटतो, आणि रस्त्यावरचा दिवा एखाद्याच्या निद्रेवर किती निर्दयपणे जळतो हे प्रथमच डोळ्यांना बोचते. तिसरे सुधारक ओलवे. शहर झोपेत असताना ज्यांचे काम सुरू होते त्या मुंबईच्या सफाई कामगारांना त्यांनी कृष्णधवल चित्रांत असे आणले की रम्य धूसरतेचा मोह धरायला जागाच उरली नाही. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रांतील माणसांच्या पाळीत त्यामुळे फरक पडला नसावा.

आता आमच्या मुलखाकडे वळतो. येथील रात्र टिपण्याचे सर्वांत मोठे काम संदेश भंडारे यांचे, आणि तेही रस्त्याच्या नव्हे, कनातीच्या रात्रीचे. 'तमाशा : एक रांगडी गंमत' या त्यांच्या ग्रंथात फड आहे, रंगमंचावरचा झगमगाट आहे आणि त्यामागचे कष्टाचे, प्रवासाचे, मुलाबाळांचे जगणेही आहे, रंगमंचावरच्या प्रकाशाइतकीच त्यांना त्या प्रकाशाच्या मागच्या बाजूची माहिती आहे. अकलूजला १९९० च्या दशकापासून अनेक वर्षे राज्यस्तरीय लावणी स्पर्धा भरत असे. त्या रात्रींची छायाचित्रे गावात पुष्कळ निघाली. परंतु नाचणारीच्या पैठणीवर रोखलेल्या दिव्याच्या पलीकडे, अंधारात बसलेल्या प्रेक्षकाच्या चेहऱ्याकडे कॅमेरा क्वचितच वळला. वारीचेही तेच. तुकोबारायांची पालखी आषाढीच्या काही दिवस आधी सराटीला नीरास्नान करून अकलूजला येते, येथे गोल रिंगण होते, आणि त्या रिंगणाची भर उन्हातली चित्रे दरवर्षी वृत्तपत्रांत झळकतात. उद्धव ठाकरे यांनी तर 'पहावा विठ्ठल'साठी वारी आकाशातून टिपली. पण रिंगण आटोपल्यावर पाल ठोकून, बॅटरीच्या उजेडात पायाचे फोड पाहत बसलेली वारकरीण, तिच्या शेजारी जनरेटरच्या तारेवर लोंबणारा एकुलता दिवा, आणि ज्याच्या ओसरीवर हे बिऱ्हाड उतरले त्याने मुद्दाम रात्रभर चालू ठेवलेली ट्यूबलाइट, यांचे दप्तर कोणीही ठेवलेले नाही.

ठेवण्याची घाई करावी अशी परिस्थिती मात्र आहे. केंद्र सरकारने २०१५ च्या जानेवारीत पथदिव्यांची राष्ट्रीय योजना काढली आणि गावोगावचे सोडियमचे दिवे उतरून त्या जागी एलईडी चढू लागले. सोडियमचा उजेड सुमारे दोन हजार केल्विनचा, हळदीसारखा. त्याखाली लाल-हिरव्याचा भेद बुजून सारे शहर एका जुन्या पिवळट छायाचित्रासारखे दिसे. एलईडी बहुधा साडेपाच हजार केल्विनच्या पुढचा. त्यात रंग परत येतात, पण सावली सुरीने कापल्यासारखी पडते आणि खांबाखालचा माणूस जाबजबाबासाठी उभा केल्यासारखा भासतो. विजेची बचत झाली हे निर्विवाद, आणि रात्री एकटीने घरी येणाऱ्या मुलीला हा पांढरा उजेड हवासा वाटतो, तेव्हा जुन्या पिवळ्या रात्रीसाठी उसासे टाकण्याचा अधिकार मला नाही. फक्त यातला विनोद नोंदवतो: नगरपालिकेने जो पिवळा रंग खर्च करून काढून टाकला, तोच आमचे तरुण पुडीतून पुन्हा रस्त्यावर ओततात. खरा, नवा, पांढरा, काहीसा निष्ठुर असा आजच्या अकलूजचा प्रकाश जसाच्या तसा कोणी घेत नाही.

त्यात फोनची भर. २०१८ साली गूगलने आपल्या फोनला रात्रीचे डोळे दिले आणि मग इतरांनीही. अनेक क्षणांच्या प्रतिमा एकमेकींवर रचून हे यंत्र अंधार उजळून काढते. अंधार हा त्याच्या लेखी दोष आहे. म्हणजे एक यंत्र रात्रीचा दिवस करते आणि दुसरी पुडी दिवसाची रात्र. या दोहोंच्या ओढाताणीत प्रत्यक्ष रात्रीचा बंदोबस्त कोणाकडेच नाही.

अकलूजच्या रात्रीला आलंबन नाही असे जर कोणी म्हणेल, तर त्याने गाळप हंगामात यशवंतनगरच्या कारखान्याच्या रस्त्यावर दोन वाजता उभे राहून पाहावे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर वजनकाट्याच्या नंबरासाठी थांबलेले असतात. ट्रॅक्टरच्या कपाळावर रंगीत दिव्यांची आरास, आणि मागच्या ट्रॉलीला मात्र बहुधा दिवाच नाही, केवळ लाल रिफ्लेक्टरची पट्टी, जी मागून येणाऱ्याच्या उजेडावर जगते. ती पट्टी नसल्याने किंवा उसाच्या वाढ्यांखाली झाकली गेल्याने या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर माणसे दगावली आहेत. टायरगाडीवरचा गाडीवान उसाच्या मोळीवर डोके टेकून झोपलेला, बैल उभ्या उभ्या रवंथ करीत असलेले, मळीचा आंबट-गोड वास, कारखान्याच्या वाफेवर खालून पडलेला उजेड, आणि पलीकडे तोडकऱ्यांच्या कोप्यांत दिवस उगवण्याआधीच पेटलेल्या चुली. यातल्या प्रत्येक उजेडाला मालक आहे, आणि जेथे उजेड नाही त्या अंधारालाही जबाबदार इसम आहे. तीच गोष्ट एस.टी. स्थानकाची, जेथे शेवटची गाडी चुकलेले प्रवासी दिव्याखालची जागा धरतात. आणि तीच चौकातल्या वाढदिवसाच्या फलकांची, ज्यांवर रात्रभर हॅलोजन जळत असतात आणि ज्यांचे वीजबिल कोणाच्या खात्यावर पडते याची चौकशी करण्याची तसदी गावात कोणी घेत नाही. छायाचित्रकाराने तरी घ्यावी.

'सैराट'ने २०१६ साली या जिल्ह्याचे ऊन, विहिरी आणि ऊस साऱ्या देशाला ओळखीचे करून दिले, आणि त्यातली नायिका अकलूजचीच होती. दिवसाच्या बाबतीत आमची तक्रार नाही. निशाचित्रणाच्या बाबतीत माझा अभिप्राय असा की साधने पूर्वी कधी नव्हती इतकी स्वस्त आणि तीक्ष्ण झाली असताना, मराठी मुलखातील लहान शहराची रात्र आजमितीस जवळजवळ अदृष्ट आहे. मुंबईची थोडीफार दिसली, फडाची दिसली, आमची राहिली. दिवाळीच्या सुमारास गव्हाणीत पहिली मोळी पडेल आणि त्या रात्रीपासून कारखान्याच्या रस्त्यावर रांग लागेल. ज्याला जायचे असेल त्याने छत्री घरी ठेवून जावे.