स्मृती कोणाची? : सिबेलियसच्या 'इन मेमोरियम'विषयी

फिनलंडचा संगीतकार ज्याँ सिबेलियस याच्या 'इन मेमोरियम' (ओपस ५९) या वाद्यवृंदरचनेच्या शीर्षकाचा अर्थ 'स्मृत्यर्थ' एवढाच. कोणाच्या, ते शीर्षक सांगत नाही. फ्युनरल मार्चच्या घाटातील या सुमारे दहा मिनिटांच्या रचनेची चर्चा त्या रिकाम्या जागेपासूनच सुरू करावी लागते.

प्रचलित उत्तर राजकीय आहे. १६ जून १९०४ रोजी हेलसिंकीत यूजेन शाउमान या तरुणाने रशियन गव्हर्नर जनरल बोब्रिकोव्हवर गोळ्या झाडल्या आणि तिथेच स्वतःचाही अंत केला. राष्ट्रवाद्यांच्या लेखी तो हुतात्मा ठरला. ही रचना त्याच्या स्मृतीशी जोडली जाते, आणि 'फिनलंडिया'च्या कर्त्याबाबत ते सहज पटते.

दुसरे उत्तर चरित्रातले आहे. रचना लिहिली गेली १९०९मध्ये, म्हणजे त्या घटनेनंतर पाच वर्षांनी. १९१०मध्ये सिबेलियसने तिच्यावर पुन्हा हात फिरवला. दरम्यान १९०८मध्ये त्याच्या घशातील गाठीवर शस्त्रक्रिया झाली होती. मद्य आणि सिगार सुटले, दुखणे उलटण्याची भीती मात्र सुटली नाही. म्हणून काहींना हा स्वतःच्याच मरणाचा शोक वाटतो.

माझ्या मते रचनेचा घाटच या दुसऱ्या उत्तराच्या आड येतो. मार्च हा समूहाचा घाट आहे. ठरलेल्या लयीत पडणारी पावले, तालवाद्ये, ब्रासचे भारदस्त स्वर : अनेकांनी मिळून शोक कसा करावा, याची ती रीत आहे. एकट्याची भीती अशी पावलाला पाऊल जुळवून चालत नाही. वॅग्नरच्या झीगफ्रीडसाठी वाजणाऱ्या मार्चमागे आपण पाहिलेले एक आयुष्य असते. इथे नायक नाही, केवळ मिरवणूक आहे. त्यामुळे या संगीताचे गांभीर्य अस्सल असले तरी त्यातले पुष्कळसे घाटाकडून उसने आलेले आहे.

ते खासगी भय खऱ्या अर्थाने ऐकू येते १९११च्या चौथ्या सिंफनीत. तिच्या तिसऱ्या भागात मुख्य सुरावट आयती हाती येत नाही. तुकड्यातुकड्यांनी, चाचपडत ती जमून येते. कोणाच्याही मागून चालण्याची सोय तिथे नाही. 'इन मेमोरियम' तिच्याइतकी थोर नाही. पण ती ऐकल्यावर सिंफनीत सिबेलियसने काय काय टाकून दिले, ते नेमके कळते. सार्वजनिक शोकाची भाषा एकदा पूर्ण ताकदीने वापरल्यावरच त्याने ती बाजूला ठेवली, असा या दोन रचनांचा क्रम मला वाचावासा वाटतो.

२० सप्टेंबर १९५७ रोजी, वयाच्या ९१व्या वर्षी, सिबेलियसचे निधन झाले. त्याच्या अंत्यसंस्काराच्या वेळी 'इन मेमोरियम' वाजवली गेली. ते योग्यच झाले. पण त्यावरून ती त्याने स्वतःसाठीच लिहिली होती, असे ठरवण्याची घाई नको. शोक करायला एक अख्खा देश जमला होता, आणि समूहासाठी घडवलेला घाट त्याच्या कामी आला.