दिवसा पट, रात्री नाटक

धान घरात आलं, भाऊबीज उलटली की वडशात नाटक मंडळांची लगबग सुरू होते. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा ऊर्फ देसाईगंज हे रेल्वेमार्गावरचं गाव म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीची बाजारपेठ. पुढे शिमग्यापर्यंत झाडीपट्टीत, म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या खेड्यापाड्यांत रात्री पडदा उघडतो तो पहाटेच पडतो. तोही तिकीट लावून. शहरी रंगभूमीनं हेवा करावा असा हा व्यवहार आहे. 'झॉलीवूड' (२०२२) या चित्रपटानं तो बाहेरच्यांनाही दाखवला.

पण हे नाटक एकट्यानं वाढलेलं नाही. ते मंडईच्या (गावच्या जत्रेच्या) आणि शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींच्या, अंगाखांद्यावर वाढलं. दिवसा बैलजोड्या सुटायच्या, त्या हाकणाऱ्या धुरकऱ्यांच्या नावानं आरोळ्या उठायच्या, घरोघरी सोयरेधायरे उतरायचे, त्यातच एखादी सोयरीकही जुळायची. एवढ्या पाहुण्यांना रात्री निजवायचं कुठे? त्यापेक्षा जागवलेलं बरं! २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती थांबल्या. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. मधल्या काळात पट नसतानाही नाटक उभं राहिलं, ही या कलेची ताकद.

तिच्या दुखण्याबद्दल मात्र चुकीच्या जागी बोललं जातं. लावण्या फार, रडारड फार, नावं भडक, ही तक्रार जुनीच. मला ती पोकळ वाटते. रात्रभर थंडीत बसणाऱ्या माणसाला गाणं हवंच.

खरी गोम वेगळी आहे. दंडार आणि खडी गंमत या इथल्या जुन्या प्रकारांत नट आणि प्रेक्षक एकमेकांशी खेळत. सवालाला जवाब तिथल्या तिथे सुचायचा, गावातल्या ताज्या भानगडीवर चिमटा निघायचा. आज ही मोकळीक उरली आहे ती बहुतेक विनोदी नटाकडे. प्रॉम्प्टर वही धरून असतो. समोर हशा पिकला की हा गडी वही सोडून देतो, पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याशी बोलू लागतो, दोन मिनिटांचा प्रवेश दहा मिनिटं ताणतो. कुरखेडा तालुक्यातले परशुराम खुणे याच वाटेनं मोठे झाले. 'झाडीपट्टीचे दादा कोंडके' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शेतकरी नटाला २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

नायक-नायिकेच्या वाट्याला मात्र छापील मराठी आणि गळा काढणं. 'ण'चा 'न' करणारी झाडीबोली बहुधा हसवण्यापुरतीच स्टेजवर येते. म्हणजे घरात ज्या बोलीत माणूस रडतो, भांडतो, शेतीचा हिशेब करतो, ती नाटकात फक्त विदूषकाची! डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीसाठी आयुष्य वेचलं, झाडीबोलीची साहित्य संमेलनं उभी राहिली. तरी गंभीर प्रवेश लिहिताना लेखकाची लेखणी पुण्याकडेच वळते.

झाडीपट्टीवर परिसंवाद होतात, ते चांगलंच. पण ते दिवसाउजेडी सभागृहात होतात आणि विषय असतो लोककलेचं जतन. ज्या कलेची तिकिटं खपतात तिला जतनाची भाषा कशाला? त्यापेक्षा एखाद्या मंडळानं पुढच्या हंगामात नायिकेला झाडीबोलीत भांडू द्यावं आणि प्रॉम्प्टरची वही एका अंकापुरती मिटवून ठेवावी. प्रेक्षक उठून जातो की नाही, हे पहाटेपर्यंत कळेलच.