जीजी पुन्हा बोलत नाही

'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस' मी पहिल्यांदा इंग्रजीत पाहिला. बारावीनंतर पुण्याला आले होते, हॉस्टेलच्या कॉटवर, मोबाइलवर. तेरा वर्षांची चेटकीण किकी रिवाजाप्रमाणे घर सोडते आणि समुद्राकाठच्या अनोळखी शहरात झाडूवरून उडत लोकांचं सामान पोचवते. सोबत जीजी हा काळा बोका. त्याचं बोलणं फक्त तिला कळतं. मग एक दिवस तिला उडता येईनासं होतं आणि जीजीचं बोलणंही कळेनासं होतं. शेवटी दोन्ही गोष्टी परत मिळतात. मी समाधानाने झोपले.

काही वर्षांनी मूळ जपानी चित्रपट सबटायटल्स लावून पाहिला. किकी पुन्हा उडते. जीजी तिच्या खांद्यावर येऊन बसतो आणि नुसतं 'म्याव' करतो. बस्स. काहीतरी निसटलं असं वाटून मी दहा सेकंद मागे गेले. निसटलं काहीच नव्हतं.

हायाओ मियाझाकीचा हा चित्रपट १९८९चा. डिस्नेचा इंग्रजी डब १९९८मध्ये आला. त्यात जीजीच्या तोंडी जादा विनोद घातले, शांत जागांवर संगीत चढवलं आणि शेवटी त्याला बोलतं केलं. २०१०च्या आवृत्तीत यातली बरीचशी भर काढून टाकली. 'कॅसल इन द स्काय'च्या इंग्रजी आवृत्तीसाठी तर जो हिसाइशीने स्वतःच आपलं संगीत वाढवून दिलं. अमेरिकी प्रेक्षकाला इतका वेळ संगीताविना बसवत नाही, हा त्यामागचा अंदाज.

२००२मध्ये अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्टने मियाझाकीला त्याच्या चित्रपटांतल्या या रिकाम्या क्षणांबद्दल विचारलं. मियाझाकीने टाळ्या वाजवून दाखवल्या. दोन टाळ्यांमधली जी जागा, तिला जपानीत 'मा' म्हणतात. 'स्पिरिटेड अवे'मधला पाण्यावरून जाणाऱ्या ट्रेनचा प्रवास आठवा. चिहिरो फक्त बसून राहते. खरं सांगते, पहिल्या वेळी मी तो प्रसंग पुढे ढकलला होता.

पण 'जपानी शांत, पाश्चात्त्य गोंगाटी' असं म्हणून मोकळं होता येत नाही. 'डेथ नोट'मधली पात्रं मनातल्या मनातही अखंड बोलतात. उलट पिक्सारच्या 'वॉल-ई'चा सुरुवातीचा भाग जवळपास संवादांशिवाय चालतो. आणि 'मा'बद्दल कुतूहलाने विचारणारा ईबर्ट अमेरिकीच होता. मला खरा फरक दिसतो तो हरवलेल्या गोष्टींच्या हिशोबात. हॉलिवूडच्या रुळलेल्या पटकथेत मध्यंतरापर्यंत जे हरवतं, ते शेवटी बहुतेक वेळा परत मिळतं; नाहीतर गोष्ट अपुरी वाटते. किकीचं उडणं परत येतं, कारण ते तिचं काम आहे. जीजीचा आवाज येत नाही. त्याला आता त्याची मांजरी आहे, पिल्लं आहेत. किकीलाही माणसं मिळाली आहेत. कोणी कोणाला सोडलेलं नाही. चित्रपट या बदलाला नाव देत नाही, त्यावर उदास संगीतही वाजवत नाही. म्हणूनच डबमधलं ते शेवटचं बोलणं मला किरकोळ वाटत नाही. एका वाक्याने मोठं होण्याची किंमतच माफ करून टाकली.

हे मला इतकं लागलं, कारण गावी माझी एक मैत्रीण आहे. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसायचो. भांडण झालं नाही, पण मी पुण्याला आल्यावर फोनवरचं बोलणं 'जेवलीस का' वर येऊन थांबायला लागलं. चूक कोणाची, हे मी बरीच वर्षं शोधत राहिले. एकदा नीट बोललो की सगळं पूर्वीसारखं होईल, अशी खात्री होती.

गेल्या गणपतीत तिच्याकडे गेले. तिचं बाळ माझ्या मांडीवर झोपलं. ती मोदकांची उकड मळत होती. बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. मीही काही बोलायला गेले नाही.